खापराचा भाऊ : धुळ्यातल्या एका पिझ्झा स्टोनचं प्रकरण

घरगुती खाद्यव्यवसाय करणाऱ्या बायकांना भांडी, ओव्हन, साठवण याबद्दल काही अडलं तर मी मदत करते. शाळेत गृहविज्ञान शिकवत होते, निवृत्तीनंतर हे काम सुरू झालं. हे प्रकरण धुळ्यातल्या एका ताईंचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. यात एक चूक माझीही आहे. ती जशी घडली तशीच लिहिली आहे.

पार्श्वभूमी

ताईंनी २०२१ मध्ये घरून पिझ्झा द्यायला सुरुवात केली. शुक्रवार, शनिवार, रविवार, फक्त संध्याकाळी आणि फक्त ऑर्डरप्रमाणे. साधन म्हणजे ६० लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), २,००० वॅटचा, तापमानाचा काटा जास्तीत जास्त २५० अंशांपर्यंत जाणारा. पहिलं दीड वर्ष त्या पत्र्याच्या ट्रेवर पिझ्झा भाजत. वरचं चीज करपायला लागे तरी खालचा बेस पांढरा आणि ओलसर राही. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी पिझ्झा स्टोन, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून वर पिझ्झा भाजायची दगडी फळी, मागवला. ३८ बाय ३० सेंटिमीटरचा, दीड सेंटिमीटर जाडीचा, फिक्या बदामी रंगाचा.

हे दगड बहुतेक वेळा खाणीतून कापलेले नसतात. मातीसारखं मिश्रण साच्यात दाबून, भट्टीत भाजून ते बनवतात. ताईंचा स्टोन कॉर्डिएराइटचा होता. मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम आणि सिलिका यांचं हे संयुग तापल्यावर फार कमी प्रसरण पावतं, म्हणून चिनीमातीच्या भट्ट्यांमधल्या फळ्याही याच्याच करतात. स्टोन पाऊण ते एक तास तापवला की त्यात उष्णता साठून राहते. कच्चा बेस त्यावर पडताच खालून एकदम भाजायला लागतो, आणि बेसमधून निघालेला ओलावा दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतो. खालची बाजू खुसखुशीत होते ती या दोन गोष्टींमुळे. ही छिद्रं लक्षात ठेवा. पुढचं सगळं प्रकरण त्यांच्यातच घडलं आहे.

स्टोन आल्यावर पिझ्झा सुधारला आणि ऑर्डरीही वाढल्या. ताई स्वच्छतेच्या बाबतीत अतिशय काटेकोर. अन्नसुरक्षेची नोंदणी केलेली, डोक्याला टोपी, ओटा दर तासाला पुसलेला. रोज रात्री काम संपलं की स्टोन गार करून सिंकमध्ये ठेवायचा, भांड्यांचा लिक्विड साबण आणि हिरवी घासणी घेऊन घासायचा, बोअरच्या पाण्याने धुवायचा आणि सिंकखालच्या कप्प्यात उभा करून ठेवायचा, हा त्यांचा नेम झाला.

अडचण

सुरुवातीचे महिने काही जाणवलं नाही. धुळ्याच्या कोरड्या हवेत, त्यातून मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात, धुतलेला दगड शुक्रवारपर्यंत वाळून जायचा. मग मे २०२३ मध्ये वाढदिवसाच्या आठ पिझ्झांची एक ऑर्डर गेली आणि त्या मुलाच्या आईचा फोन आला, "बेसला साबणाचा वास येतोय." ताईंनी पैसे परत केले. त्यांना खरं तर पटलं नव्हतं, कारण हाताला आणि नाकाला दगड स्वच्छ वाटत होता. तरी त्या रात्री त्यांनी तो आणखी जास्त साबण लावून धुतला.

इथे पहिला निर्णय चुकला, पण त्यामागचा विचार मला पूर्ण समजतो. वास येतो म्हणजे भांडं घाण राहिलं, आणि घाण राहिलं म्हणजे अजून घासायचं, हे आपल्या हाताला लहानपणापासून शिकवलेलं आहे. स्टीलच्या ताटाला ते लागू पडतं, कारण ताट काहीच पीत नाही. हा दगड मात्र पाणी पितो, आणि पाण्याबरोबर साबणही. वरून कितीही खळबळलं तरी आत गेलेला साबण बाहेर येत नाही. पुढच्या वेळी दगड तापला की तोच वास ओल्या बेसमध्ये उतरतो.

जूनमध्ये दुसरा उपाय झाला. दगडावर चीज आणि सॉस सांडून काळे डाग पडले होते. कोणीतरी सांगितलं, लोखंडी तव्याला तेल लावून तापवतो तसं स्टोनला कर, डाग धरणार नाहीत. ताईंनी दोन चमचे तेल चोळून स्टोन तापवला. घरभर धूर झाला. दगड वरून चिकट राहिला आणि आठ दिवसांत त्याला जुन्या तळणीच्या तेलासारखा खवट वास येऊ लागला.

तव्याला जे चालतं ते इथे का चालू नये, हे मला बऱ्याच जणी विचारतात. लोखंड तेल शोषत नाही. तेलाचा पातळ थर वरच राहतो, तापून कडक होतो आणि त्याची काळी, गुळगुळीत साय तयार होते. दगडात तेल खोल झिरपतं. आत ते नीट कडक होत नाही, नुसतं खवट होत राहतं आणि दर वेळी धुरावतं. स्टोन जुना होताना आपोआप काळा पडतो तो वेगळा भाग. तो वापराचा रंग आहे, मुद्दाम लावायचा नाही.

मग आला जुलैमधला तो शनिवार. शुक्रवारी रात्री स्टोन नेहमीसारखा धुतला होता. रात्रभर पाऊस, हवा दमट. दुपारी दोनला वीज गेली ती पाचच्या सुमाराला आली. साडेसहापासून सहा ऑर्डरी ठरलेल्या. ताईंनी दगडाला हात लावला तर तो गार लागला, पण ओला लागला नाही. त्यांनी तो ओव्हनमध्ये ठेवला, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड सुरू केले आणि काटा थेट २५० वर नेला. दहा-बारा मिनिटांनी आतून आवाज आला : टक.

समोरच्या कडेपासून आत, केसासारखी चीर गेली होती. ताईंनी त्याच दगडावर सहाही ऑर्डरी पूर्ण केल्या आणि रविवारी मला फोन केला. "मॅडम, दगड तर हजार अंशांच्या भट्टीतला म्हणतात, मग अडीचशेला कसा तडकला?"

चीर का गेली

ताईंचा प्रश्न बरोबर होता. कोरडा कॉर्डिएराइट २५० अंशांना सहसा दाद देत नाही. तो तडकला त्याला कारण आतलं पाणी.

मी सोमवारी गेले तेव्हा दगड पुन्हा ओला होता. घाबरून साबण टाळला होता, पण सवयीने रविवारी रात्री नुसत्या पाण्याने धुतलाच होता. पीठ मोजायचा ५ किलोचा काटा ओट्यावर होता. सहज दगड त्यावर ठेवला : ३,३१८ ग्रॅम. वरून तो कोरडा दिसत होता. पंख्याखाली दोन वाट्यांवर आडवा ठेवून आम्ही रोज सकाळी वजन केलं. दुसऱ्या दिवशी ३,२९१, मग ३,२६२, मग ३,२४४, शुक्रवारी ३,२४१. शनिवारी पुन्हा ३,२४१. म्हणजे कोरड्या दगडाचं वजन ३,२४१ ग्रॅम, आणि हाताला कोरडा वाटणाऱ्या दगडात सोमवारी ७७ ग्रॅम पाणी होतं.

या ७७ ग्रॅमचा अर्थ असा. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १,७०० पट जागा मागते. ७७ ग्रॅम पाण्याची वाफ सव्वाशे लिटरच्या वर जाते, म्हणजे ताईंच्या ओव्हनसारखे दोन ओव्हन भरतील इतकी. ती सगळी वाफ दीड सेंटिमीटर जाडीच्या दगडातल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडायला धडपडते. हळूहळू तापवलं तर तिला वाट मिळते, एकदम तापवलं तर ती दगडालाच रेटते. त्यात आणखी एक भर पडते. जिथे पाणी आहे तो भाग ते उडून जाईपर्यंत १०० अंशांच्या आसपास अडकतो आणि कोरडी झालेली कड दोनशेच्या दिशेने जाते. एकाच फळीत इतका फरक पडला की दगडात ताण येतो. ताईंची चीर कडेपासूनच सुरू झाली होती.

दगड गार करण्याच्या बाबतीत ताई पहिल्यापासून जपत. तापलेल्या दगडावर पाणी किंवा फ्रीजरमधला पिझ्झा टाकला तरी तो असाच तडकतो. ती चूक इथे नव्हती. एवढं जपूनही दगड गेला, याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

सासूबाईंचं म्हणणं

आम्ही तिसऱ्या दिवशी वजन करत होतो तेव्हा सासूबाई दारात येऊन बसल्या. त्यांचं माहेर शिंदखेड्याकडचं, बोलणं अहिराणी. त्यांनी दगडावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हाऊ ते खापरना भाऊ शे व माय. याले कोन साबन लावस?"

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे होतात. पुरणाची पोळी पोळपाटावर न लाटता दोन्ही हातांवर झेलत मोठी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. ते खापर कुंभाराकडून येतं, भाजलेल्या मातीचं, सच्छिद्र. सासूबाईंचं खापर किती वर्षांचं आहे ते त्यांनाही नेमकं आठवत नाही. त्या ते कसं सांभाळतात हे मी विचारून घेतलं. चूल पेटल्यावर पहिला बराच वेळ जाळ मंद. खापर तापल्याशिवाय मोठा जाळ नाही. काम झालं की खापर चुलीवरच राहू द्यायचं, निखारे विझतील तसं ते गार होईल. सकाळी कोरड्या फडक्याने पुसायचं, चिकटलेलं पुरण उलथन्याने खरवडायचं आणि माळ्यावर पालथं ठेवायचं. "तपेल खापरले पानी लागू देवानं नही," एवढं त्यांनी दोनदा सांगितलं.

पिझ्झा स्टोनबरोबर जी पत्रिका येते तिच्यात साधारण हेच असतं. ताईंनी पत्रिका खोक्याबरोबर टाकून दिली होती. खापर त्यांच्या डोक्यावर माळ्यावर होतं. पण पिझ्झा आणि मांडे यांचा एकमेकांशी संबंध आहे हे कोणाच्या मनात यावं तरी कसं? मलाही ते तोपर्यंत सुचलं नव्हतं. माठाला आपण साबण लावत नाही, नारळाच्या शेंडीने आणि पाण्याने घासतो, हे तर प्रत्येक घरात माहीत असतं. फक्त दगड खोक्यातून आला आणि सिंकमध्ये गेला, की तो भांडं होतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, नवा स्टोन. खर्च साधारण २,१०० रुपये. ताईंना तो परवडणारा होता, पण त्यांचं म्हणणं असं, की आधी चूक नक्की कुठे झाली ते कळू द्या, नाहीतर नवाही असाच जाईल. मला ते पटलं.

दुसरा, लोखंडी प्लेट. फॅब्रिकेशनवाल्याकडून ८ मिलिमीटरची कापून घेता आली असती. लोखंड दगडापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता देतं, त्यामुळे २५० अंशांवर थांबणाऱ्या ओटीजीत तो उपाय खरं तर चांगला आहे. तडकण्याची भीती नाही, आणि तिला तेल लावलेलं चालतं. पण ३५ बाय ३० ची प्लेटसुद्धा साडेसहा किलोच्या वर जाते आणि ताईंच्या ओव्हनची जाळी तीन किलोलाच वाकायला लागली होती. पावसाळ्यात गंजाची काळजी वेगळीच. ज्यांचा ओव्हन भक्कम आहे त्यांनी हा विचार जरूर करावा, असं मला वाटतं.

तिसरा पर्याय शेजारच्यांनी सुचवला : ओट्याचा उरलेला कडप्प्याचा तुकडा. याला मी ठाम नाही म्हटलं. कडप्पा आणि शहाबाद हे चुनखडीचे, थर असलेले दगड. थरांत ओलावा असतो आणि एकदम तापवल्यावर कपच्या उडू शकतात. त्यातून दुकानातल्या तुकड्याला कसलं पॉलिश लावलेलं आहे हे कळायला मार्ग नाही. ओट्यावर भाकरी थापायला तो उत्तम आहे, ओव्हनमध्ये अन्नाखाली घालायला नाही.

चौथा, आहे तोच दगड स्वच्छ करून वापरायचा. चीर कडेपासून ११ सेंटिमीटर आत गेली होती, दगड अजून एकसंध होता. आम्ही हा चौथा पर्याय घेतला.

काय केलं

साबण काढायचा कसा, हा पहिला पेच होता. दगड साध्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहिलं तर साबण काही प्रमाणात सुटला असता. पण भर जुलै, चीर गेलेला दगड, आणि बोअरचं जड पाणी. ते वाळलं की नळाच्या तोटीवर पांढरा क्षार बसतो. तोच क्षार दगडात भरायचा नव्हता. म्हणून भिजवणं टाळलं आणि साबण, तेल दोन्ही उष्णतेने घालवायचं ठरवलं.

आधी वरचा थर काढला. रंगाच्या दुकानात पुट्टी लावायची पत्र्याची पट्टी मिळते, तिने जळकं चीज आडव्या हाताने खरवडलं. पट्टी उभी धरली की दगडात चरे पडतात. जिथे चिकट तेल होतं तिथे खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट लावली, दोन चमचे सोड्याला एक चमचा पाणी या हिशेबाने, आणि जुन्या टूथब्रशने गोल गोल घासलं. सोडा सौम्य अल्कली आहे, तेलकटपणा सोडवतो, आणि त्याचे कण दगडाला ओरखडे न पाडता घासतात. इथे एक गोंधळ होता होता राहिला. ताईंनी आधी धुण्याच्या सोड्याचा पुडा काढला होता. तो फार तीव्र असतो, अन्नाच्या वस्तूला लावायचा नाही. पापडखार ही तिसरीच वस्तू. डब्यांवर नावं लिहिलेली असावीत, आमच्या बायका नुसता रंग बघून डबा उचलतात.

पेस्ट ओल्या फडक्याने पुसून घेतली. फडकं पिळून पिळून तीन-चार वेळा. दगड नळाखाली धरला नाही. वजन केलं तर २६ ग्रॅम वाढलं होतं, ते दोन दिवसांत उतरून पुन्हा ३,२४१ च्या जवळ आलं. मगच दगड ओव्हनमध्ये गेला.

तापवण्याचा क्रम असा ठेवला. गार ओव्हनमध्ये गार दगड. काटा ९० वर, एक तास. पाणी उकळण्याच्या खालचं तापमान, म्हणजे उरलासुरला ओलावा शांतपणे निघून जाईल. मग १५० वर अर्धा तास, २०० वर अर्धा तास, आणि शेवटी २५० वर एक तास. २०० च्या पुढे तेलाचा धूर सुरू झाला. खिडक्या उघड्या आणि पंखा चालू ठेवला होता, लहान मुलांना गच्चीवर पाठवलं होतं. मग ओव्हन बंद करून, दार न उघडता, सकाळपर्यंत तसाच सोडला. हे लागोपाठ तीन दिवस केलं. पहिल्या दिवशी धूर बराच, दुसऱ्या दिवशी थोडा, तिसऱ्या दिवशी नाही.

शेवटी साबणाची परीक्षा. गव्हाच्या साध्या कणकेच्या जाड पोळ्या लाटून एकामागून एक तापल्या दगडावर टाकल्या. ओली कणीक दगडातला वास ओढून घेते. पहिल्या पोळीला साबणाचा वास स्पष्ट होता. तिसरीला अगदी पुसट. पाचवीला सासूबाईंनीही "नही" म्हटलं, आणि त्यांचं नाक आमच्यात सगळ्यांत तिखट. पहिल्या चार पोळ्या फेकल्या. त्या गायीला घालू का, असं कोणीतरी विचारलं तर सासूबाई रागावल्या. जे आपण खाणार नाही ते तिला का, म्हणाल्या.

काळे डाग शेवटपर्यंत राहिले. ताईंना ते पाहवेनात, पॉलिश पेपरने घासू का विचारलं. वर उंचवटा राहिला असेल तर कोरड्या दगडावर, नाकाला फडकं बांधून हलकं घासायला हरकत नसते. पण हे डाग सपाट होते, बोटाला लागत नव्हते. ते निव्वळ कार्बनचे. पाऊण तास सव्वादोनशे अंशांवर तापलेल्या दगडावर जंतू जगत नाहीत. डागाने चव बदलत नाही. मी नको म्हटलं.

माझी चूक

चिरेबद्दल मी ताईंना सांगितलं, "चालेल, तुकडे होईपर्यंत वापरता येतो." पुष्कळ लोक असा दगड वापरतात आणि घरच्या एका पिझ्झासाठी ते बहुधा निभावतंही. चिरेच्या टोकाशी मी पेन्सिलने खूण केली, म्हणजे ती वाढली तर दिसेल. इथपर्यंत ठीक होतं.

दोन आठवड्यांनी ताईंनी फोटो पाठवला. चीर खुणेच्या पुढे जवळजवळ एक सेंटिमीटर गेली होती. मी फोनवरच म्हटलं, थोडीच वाढली आहे, या शनिवारचं होऊन जाऊ दे.

त्या शनिवारी चौथा पिझ्झा काढताना ताईंनी जाळी पुढे ओढली, तेव्हा दगड दोन तुकड्यांत सुटला. पुढचा तुकडा कलंडून ओव्हनच्या उघड्या दारावर आला. दाराची काच वाचली, पण ताईंच्या मनगटाला फोड आला. पंधरा दिवस त्यांना पीठ मळता आलं नाही.

खूण केली ती कशासाठी? ती ओलांडली गेली की थांबायचं, एवढाच तिचा उपयोग. मी खूण केली आणि ती ओलांडल्यावर दुर्लक्ष केलं. शिवाय आठवड्याला पंधरा-वीस पिझ्झे काढणाऱ्या ओव्हनला घरच्या एका पिझ्झाचा हिशेब लावला. जाळी दर वेळी पुढे ओढली जात होती, वजन दर वेळी चिरेवर येत होतं. निदान दगड फिरवून चीर मागच्या बाजूला ठेवायला आणि खाली ट्रे द्यायला मी सांगायला हवं होतं. खरं तर चीर दिसली त्या दिवशीच तो दगड व्यवसायातून काढायला हवा होता. साफसफाई वाया गेली नसती, ती घरच्या वापरासाठी उपयोगी पडली असती.

निष्पत्ती

सप्टेंबर २०२३ मध्ये ताईंनी तेवढ्याच जाडीचा नवा स्टोन घेतला. जास्त जाड घेतला असता तर उष्णता जास्त धरली असती, पण तापायलाही जास्त वेळ लागला असता, आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. आल्या दिवशीच त्याचं कोरडं वजन करून ओव्हनच्या बाजूला भिंतीवर लिहिलं. तेव्हापासून मी हे लिहीपर्यंत तो एकदाही धुतलेला नाही.

दोन पिझ्झांच्या मध्ये ताई लांब दांड्याच्या कोरड्या ब्रशने बेसखाली भुरभुरलेला जळका रवा झाडतात. तो राहिला तर पुढच्या बेसला कडवट चव येते. सॉस कडेपासून दीड सेंटिमीटर आत थांबवतात, त्यामुळे सांडणंच कमी झालं. सकाळी गार दगड पट्टीने खरवडून कोरड्या फडक्याने पुसतात. फारच चिकटलं तर सोड्याची पेस्ट, तीही रविवारी रात्रीनंतर, म्हणजे वाळायला चार दिवस मिळतात. ओलं फडकं लागलं की काट्यावर वजन. भिंतीवरच्या आकड्याच्या पुढे पाच ग्रॅम असले तरी दगड आत जात नाही. स्टोन आता ओव्हनमध्येच राहतो. सिंकखाली ओल होती आणि चिजाच्या वासाने झुरळं येत होती, हेही तेव्हा लक्षात आलं.

ऑर्डरी हळूहळू पूर्ववत झाल्या. वाढदिवसाचे आठ पिझ्झे नेणारी ती आई मात्र परत आली नाही. ताईंनी तिला एकदा फोन करून काय झालं होतं ते सांगितलं, तिने नीट ऐकून घेतलं, बस. काळा दगड पाहून एक-दोन गिऱ्हाइकांनी विचारलंही. त्यांना ताई आत बोलावून दाखवतात आणि खापराचं उदाहरण देतात. धुळ्यात त्यापुढे काही समजवावं लागत नाही.

जुन्या दगडाचे दोन तुकडे फेकले नाहीत. ट्रेमध्ये एकमेकांना भिडवून ठेवले आहेत, त्यावर घरच्यापुरत्या वरण-बट्टीच्या बट्ट्या भाजतात. ट्रे असल्यामुळे ते कलंडत नाहीत, आणि भाजण्याआधी कडेचे सुटे कण झाडून घेतात.

पुन्हा करायचं झालं तर

मला कोणी आता पिझ्झा स्टोन दाखवायला आणला, तर पहिला प्रश्न डागाबद्दल विचारणार नाही. शेवटचं पाणी कधी लागलं, हे विचारेन. मग वजन करेन.

ताईंच्या बाबतीत तीन ठिकाणी वेगळं वळण घेता आलं असतं. मे महिन्यात वासाची तक्रार आली तेव्हा, म्हणजे आणखी साबण लावण्याआधी. तो काळ सगळ्यात सोयीचा होता. धुळ्याच्या मे महिन्यात गच्चीवर दगड दोन दिवसांत खडखडीत वाळतो, त्यामुळे फिल्टरच्या पाण्यात भिजवून साबण सोडवणंही तेव्हा जमलं असतं. दुसरं ठिकाण तो शनिवार. वीज पाचला आली, ऑर्डर साडेसहाची. दगड गार लागला तेव्हा तो बाजूला ठेवून त्या दिवशी जुन्या पत्र्याच्या ट्रेवर पिझ्झे करायचे आणि गिऱ्हाइकांना तसं सांगायचं. बेस थोडा मऊ झाला असता. ताई म्हणतात की त्या क्षणी हे सुचलंच नाही, आणि मला ते खरं वाटतं. म्हणून आता तो ट्रे ओव्हनच्या वरच ठेवलेला असतो, हाताशी. तिसरं ठिकाण पेन्सिलची खूण. ते माझं.

एका बाबतीत माझं अजून ठरत नाही. पहिल्याच दिवशी लोखंडी प्लेटचा आग्रह धरायला हवा होता का? जाळीखाली दोन लोखंडी पट्ट्यांचा आधार देऊन ते जमलं असतं, आणि धुण्याची सवय असलेल्या हाताला प्लेट जास्त सोसते. ताईंना विचारलं तर त्या दगडावरच खूष आहेत. मांड्यासारखी खालची बाजू येते, म्हणतात.

१० मे २०२४ ला आखाजी होती, वार शुक्रवार. ताईंनी त्या दिवशीच्या ऑर्डरी घेतल्या नाहीत. गच्चीवर चूल मांडली होती, सासूबाईंनी खापर माळ्यावरून उतरवून फडक्याने पुसलं आणि खाली बारीक जाळ लावला. मी गेले तेव्हा ताई हातावर मांडा झेलायचा प्रयत्न करत होत्या आणि तो दर वेळी एका बाजूने फाटत होता. सासूबाई म्हणाल्या, आधी खापर तापू दे, मग तुझा हात बघू.